न्यू पॅलेस, टाऊन हॉल, सीपीआर: मेजर मॅन्टच्या कोल्हापूरचे प्रकरण

१८८४ साली कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधून पूर्ण झाला, तेव्हा तो आखणारा माणूस हयात नव्हता आणि ज्यांच्यासाठी तो बांधला ते महाराजही हयात नव्हते. मेजर चार्ल्स मॅन्ट १८८१ मध्ये वारला. छत्रपती चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या देखरेखीत असताना गेले. पुढच्या मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला, दहाव्या वर्षात असलेला मुलगा दत्तक आला आणि हा नवा कोरा राजवाडा त्याच्या वाट्याला आला. तो मुलगा म्हणजे राजर्षी शाहू. म्हणून आज कोल्हापुरात कुणालाही विचारा, न्यू पॅलेस शाहू महाराजांचा. मॅन्टचं नाव काढलंत तर समोरचा म्हणेल, "कोण हो हे?"

त्यात चूक काही नाही. शहरं अशीच असतात. जो नांदला त्याची वास्तू, आखणारा विसरला जातो. पण या प्रकरणात विसरलेल्या माणसाने दहा-बारा वर्षांत जेवढं बांधलं, तेवढ्यावर कोल्हापूरचा 'जुना काळा दगडी' चेहरा आजही तोललेला आहे. टाऊन हॉल, सीपीआर हॉस्पिटल, न्यू पॅलेस, भवानी मंडपाशेजारचं मेन राजाराम हायस्कूल आणि शहराचं जुनं ग्रंथालय या सगळ्या वास्तू मॅन्टच्या कामांत धरल्या जातात. गावच्या कुणी कारागिराने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेलं हे रूप नव्हे. ब्रिटिश लष्करातल्या एका इंजिनियराने, राजा अल्पवयीन असताना, पोलिटिकल एजंटच्या, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या, कारभारात हे उभं केलं. मग ते इतकं कोल्हापुरी कसं झालं?

आधी फ्लॉरेन्स

गोष्ट कोल्हापूरच्या बाहेर सुरू होते. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले. इंग्लंड पाहून परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय जेमतेम विशीचं. दहन करायचं तर नदीकाठी, शक्यतो संगमावर, असा सोबतच्या मंडळींचा आग्रह. फ्लॉरेन्समध्ये तेव्हा उघड्यावर दहनाची पद्धत नव्हती, पण तिथल्या महापौरांनी परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर अग्निसंस्कार झाला. १८७४ मध्ये त्या जागी स्मारक उभं राहिलं. खांबांवर तोललेली छत्री आणि तिच्या आत फेटा बांधलेल्या राजाराम महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्री मॅन्टची.

ही छत्री मला या प्रकरणाची किल्ली वाटते. विचार करा, हाच माणूस त्याच सुमारास कोल्हापुरात टाऊन हॉल बांधत होता, आणि तो टाऊन हॉल गॉथिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चांच्या घाटाचा, आहे! म्हणजे इटलीत, युरोपच्या मध्यभागी, मॅन्ट भारतीय घाटाची छत्री उभारतो, आणि पंचगंगेकाठच्या गावात टोकदार मनोऱ्यांचं इंग्रजी सभागृह. नेमका कुणासाठी काय, हा गोंधळ तेव्हा त्याच्या डोक्यात मिटलेला नव्हता.

त्या छत्रीमुळे फ्लॉरेन्सच्या त्या भागाला 'इंदियानो' असं नाव पडलं. १९७० च्या दशकात जवळच आर्नोवर केबलने पेललेला मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव. कोल्हापूरच्या राजाच्या नावाने फ्लॉरेन्समध्ये पूल आहे आणि त्या राजाची छत्री आखणाऱ्याच्या नावाची कोल्हापुरात साधी गल्लीही नाही. असो.

टाऊन हॉलपासून न्यू पॅलेसपर्यंत

मॅन्टचा जन्म १८३९ च्या आसपासचा. रॉयल इंजिनियर्स या लष्करी तुकडीतून तो मुंबई इलाख्यात आला. सुरतेचं हायस्कूल हे त्याचं आधीचं एक काम. त्या काळी रस्ते, पूल, बराकी आणि सभागृहं एकाच खात्याचे इंजिनियर बांधत. वेगळा वास्तुविशारद नेमायची चैन फक्त मुंबईसारख्या शहराला परवडायची. संस्थानात जो इंजिनियर नेमला जाई, तोच गावाचं रूप ठरवी.

टाऊन हॉलचं काम १८७२ ते १८७६ या काळातलं. भाऊसिंगजी रोडवरच्या बागेत तो उभा आहे. टोकदार कमानी, उतरतं छप्पर, दोन्ही अंगांना निमुळते मनोरे. मुंबईच्या फोर्टातून एक तुकडा कापून इथे आणून ठेवावा तसा. पण दगड इथला. काळा, घट्ट, पावसाला न घाबरणारा बेसाल्ट. आणि हा दगड गॉथिक नक्षीला फारसा दाद देत नाही. इंग्लंडात गॉथिक चर्चं मऊ, पिवळसर चुनखडीच्या दगडात कोरली जातात. त्यात पानं, फुलं, चेहरे सहज निघतात. बेसाल्टावर तेवढीच बारीक कलाकुसर करायची तर पाथरवटाच्या छिन्नीला किती धार लावावी लागेल! त्यामुळे टाऊन हॉलमध्ये नक्षीपेक्षा आकार बोलतो. इमारत दिसते ती बाह्यरेषेने, सावलीने आणि पावसाळ्यात ओल्या दगडावर चढणाऱ्या गडद काळ्या रंगाने.

पुढचं मोठं काम हॉस्पिटलचं, म्हणजे आजच्या सीपीआरचं. ब्रिटनचा युवराज अल्बर्ट एडवर्ड १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. त्याच्या नावाने देशात किती संस्था निघाल्या याची मोजदाद नाही. कोल्हापूरचं 'अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल' त्यातलंच. इथे गॉथिकची पकड सैल होते. घुमट, छत्र्या, सज्जे असं भारतीय शब्दभांडार दिसू लागतं. ऊन आणि पाऊस दोन्ही बाहेर ठेवायचे तर पुढे आलेला सज्जा आणि खोल व्हरांडा लागतोच. इंग्लंडात न लागणारी ही गरज इथल्या बांधकामात हजार वर्षं मुरलेली होती. मॅन्टला भारतीय घाट आवडला म्हणून त्याने तो घेतला, असं लिहायची पद्धत आहे. मला वाटतं, अर्धं काम कोल्हापूरच्या पावसाने केलं.

आणि मग न्यू पॅलेस. १८७७ ला सुरुवात, १८८४ ला शेवट, आणि खर्च सात लाखांच्या आसपास, असं सांगितलं जातं. गावाबाहेर, मोकळ्या मैदानात, काळ्या घडीव दगडाचा, मध्ये उंच अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ. कडेला लहान मनोरे, घुमट, छत्र्या. आतला दरबार हॉल दुमजली उंचीचा. त्याच्या कमानींतल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग रंगवलेले. रंगीत काचा ही युरोपातल्या चर्चची चाल. तिथे बायबलातले प्रसंग असतात, इथे शिवाजी महाराज. ही अदलाबदल ज्याला सुचली त्याच्या डोक्याला दाद द्यावी लागते.

अभ्यासक या शैलीला इंडो-सारासेनिक (भारतीय आणि इस्लामी घाट युरोपीय बांधणीत मिसळणारी) म्हणतात आणि न्यू पॅलेसमध्ये मथुरा, डीग, भरतपूर, गुजरात-राजस्थानची जैन मंदिरं अशी मुळं दाखवतात. ते खरं आहे, आणि माझी तक्रारही तिथेच आहे. मॅन्टच्या दारात, भवानी मंडपापाशी, १८३० च्या सुमारास बांधलेला नगारखाना उभा होता. शेजारी जुना राजवाडा होता. घाटावर मराठी वाड्यांची अख्खी परंपरा होती: चौक, देवळी, कोरीव लाकडी खांब, महिरपी. त्यातलं न्यू पॅलेसमध्ये फारच थोडं उतरलं. हिंदू राजाचा महाल म्हटला की इंग्रज इंजिनियराच्या डोळ्यांसमोर राजपुताना येई. दगड आणि हात मराठी मुलखाचे होते, पण राजेपणाची कल्पना अजमेरकडून आली होती. अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत मॅन्टनेच आखली, आणि तिच्यावरही घड्याळाचा मनोरा आहे, ही गोष्ट इथे आठवते.

तरीही एक मान्य करावं लागतं. टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस समोरासमोर ठेवले तर एका माणसाचा आठ-दहा वर्षांतला प्रवास त्यात दिसतो. टाऊन हॉलमध्ये तो जे शिकून आला होता तेच बांधतो. न्यू पॅलेसमध्ये तो ऐकतो. पूर्ण नाही, पण ऐकतो.

कुणाच्या पैशाने, कुणाच्या हुकमाने

बांधकामाची ही सगळी वर्षं कोल्हापूरच्या गादीसाठी अत्यंत वाईट होती. राजाराम महाराजांना मुलगा नव्हता. १८७१ मध्ये दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज तेव्हा लहान होते. कारभार पोलिटिकल एजंटच्या हाती. पुढे महाराजांना वेड लागल्याचं जाहीर झालं. ते खरोखर वेडे की त्यांचा छळ चालला आहे, यावर महाराष्ट्रभर रान उठलं. 'केसरी' आणि 'मराठा'ने दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर लिहिलं, अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. टिळकांचा पहिला तुरुंगवास कोल्हापूरमुळे झाला, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. पण त्याच १०१ दिवसांत, त्याच महाराजांसाठी, कोल्हापुरात घड्याळाच्या मनोऱ्याचा राजवाडा चढत होता, हे पुस्तकात शेजारी शेजारी लिहिलेलं नसतं.

म्हणून मॅन्टच्या वास्तूंकडे 'दानशूर राजाने बांधल्या' अशा नजरेने पाहता येत नाही. संस्थानाचा महसूल होता, हुकूम एजंटच्या कचेरीतून निघत होते. अल्पवयीन राजा असला की इंग्रजांना शाळा, दवाखाना, सभागृह आणि सुधारलेला राजवाडा बांधायला मोकळं रान मिळे. आपल्या कारभाराचा तो दगडी दाखला असे. बडोद्याचं उदाहरण जवळचं आहे. तिथेही १८७५ मध्ये कवळाण्याचा मुलगा दत्तक आला, सयाजीराव झाला, आणि त्याच्यासाठीच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा आराखडा मॅन्टकडेच आला. ते काम अर्ध्यावर असताना तो गेला. रॉबर्ट चिझमने १८९० मध्ये ते पुरं केलं.

मॅन्टच्या मृत्यूबद्दल एक कथा वास्तुकलेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येते: आपली गणितं चुकली आहेत, आपले राजवाडे कोसळणार, या भीतीने त्याचं डोकं फिरलं. कथेतलं खरं किती आणि मागाहून चिकटलेलं किती, हे कथा सांगणाऱ्यावर सोडावं. निकाल मात्र दगडाने दिला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, कोल्हापूरही हादरलं. न्यू पॅलेसचा मनोरा जागचा हलला नाही.

शहराने काय केलं

इथून पुढे श्रेय मॅन्टचं नाही, कोल्हापूरचं आहे. परक्याने बांधलेल्या या इमारती शहराने वापरून वापरून आपल्या केल्या.

टाऊन हॉल आता वस्तुसंग्रहालय आहे. १९४५-४६ च्या सुमारास पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं, त्यात सातवाहनकाळच्या वस्तू निघाल्या. सगळ्यांत गाजली ती ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन घडणीची छोटी कांस्यमूर्ती. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगातून आलेला देव इंग्रजी गॉथिक सभागृहात, काळ्या कोल्हापुरी दगडाच्या छायेत बसला आहे. शेजारच्या दालनांत आबालाल रहिमान यांच्यासारख्या कोल्हापूरच्या चित्रकारांची कामं. बाहेरच्या बागेत तोफा आणि जुनी झाडं. दुपारी बाकावर डबा खाणारी माणसं, संध्याकाळी फिरायला आलेली आजोबा मंडळी. मॅन्टने सभांसाठी बांधलेल्या वास्तूत आज सभा होत नाहीत, पण ती रिकामी एक दिवस राहिलेली नाही.

अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचं नाव बदलून छत्रपती प्रमिलाराजे झालं आणि लोकांच्या तोंडी सीपीआर. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात अपघात झाला की पहिला शब्द निघतो, "सीपीआरला न्या." इंग्रज युवराजाचं नाव आज कुणाला सांगता येणार नाही, आणि त्यात खेद करण्यासारखं काही नाही. नाव बदललं म्हणूनच वास्तू लोकांची झाली. न्यू पॅलेसमध्ये छत्रपती घराणं राहतं, आणि १९७४ पासून तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम आहे. मेन राजाराममध्ये वर्ग भरतात.

मेन राजारामची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी ही शाळा दुसरीकडे हलवून त्या जागी अंबाबाईच्या भाविकांसाठी सोयी करण्याचा प्रस्ताव पुढे आला. कागदावर तर्क बिनतोड होता: मंदिर शेजारी, जागा मोक्याची, यात्रेकरू लाखोंनी. पण माजी विद्यार्थी, शिक्षक आणि गावातले तालीम-मंडळवाले रस्त्यावर उतरले. त्यांच्या घोषणांत 'हेरिटेज' हा शब्द होता, पण खरा मुद्दा दुसराच होता: "आमची शाळा आहे ती." माझ्या मते वारसा जतन करण्याचा याहून भक्कम आधार कुठल्याही अधिसूचनेत मिळत नाही. इमारतीला काम आहे, आणि त्या कामाशी माणसं बांधलेली आहेत. काळा दगड टिकला याचं अर्धं कारण हे आहे.

वापराची दुसरी बाजू

आता उलट बाजू. रोज वापरली जाणारी जुनी इमारत रोज थोडी दुखावली जाते. हॉस्पिटलला ऑक्सिजनच्या नळ्या लागतात, लिफ्ट लागते, एसी लागतो, नवे वॉर्ड लागतात. सीपीआरच्या आवारात जुन्या वास्तूभोवती नंतरच्या काँक्रीटच्या इमारती दाटल्या आहेत; रस्त्यावरून जुना दर्शनी भाग शोधावा लागतो. हे टाळता आलं असतं असं म्हणणं सोपं, पण अत्यवस्थ माणूस दारात असताना कुणी घुमटाच्या रेषेची चिंता करत बसत नाही, आणि बसूही नये.

जास्त नुकसान होतं ते शहाणपणाच्या नावाखाली. बेसाल्टाची जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना मऊ, श्वास घेणारा; पावसाळ्यात भिंतीत शिरलेला ओलावा उन्हाळ्यात सांध्यांतून बाहेर पडतो. मग कुणीतरी डागडुजीचं काम काढतो आणि सांध्यांत सिमेंट भरतो. सिमेंट कडक असतं, त्यातून पाणी बाहेर पडत नाही. ओल आत कोंडते, प्लास्टर फुगतं, आत बसवलेल्या लोखंडाला गंज चढतो आणि फुगलेलं लोखंड दगडाला चीर पाडतं. वरून पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ उगवतो. त्याला नुसतं वरून छाटलं की मुळं आत जाड होत राहतात. चुन्याची घाणी चालवून, मळलेला चुना काही दिवस मुरवून काम करणारे गवंडी अजून आहेत, पण सरकारी निविदेत काम सर्वांत कमी दर देणाऱ्याला जातं, त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दगड धुण्यासाठी ॲसिड वापरणं, दगडाला चकचकीत रंग देणं हीही त्याच जातीची कामं. नंतर फोटो छान येतो. दहा वर्षांनी पापुद्रे सुटतात.

कोल्हापूरला याबाबतीत धडा मिळाला तो मॅन्टच्या नव्हे, शाहू महाराजांच्या वास्तूतून. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. १९१५ चं मूळ पॅलेस थिएटर, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळून गेलं. दुसऱ्या दिवशी माणसं रडत होती, हे मी अलंकाराने लिहीत नाही. 'जसं होतं तसं' उभं करायचं, ही मागणी लगेच झाली. आणि जसं होतं तसं म्हणजे नेमकं कसं, हे ठरवायला मोजमापं लागतात, नकाशे लागतात, प्रत्येक कमानीचा गाळा आणि प्रत्येक खांबाची जाडी लिहिलेली लागते.

भाऊसिंगजी रोडवर आज हालचाल आहे. सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या दगडी इमारतीची डागडुजी झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे सुरू झालं. वकिलांची वर्दळ, गाड्यांची रांग आणि हॉस्पिटलची रुग्णवाहिका एकाच अरुंद रस्त्यावर. दुसरीकडे वैद्यकीय महाविद्यालयाचा पसारा शेंडा पार्ककडे सरकतो आहे, तिथे नव्या मोठ्या हॉस्पिटलचं काम हाती घेतलं आहे. रुग्णांसाठी हे चांगलंच आहे. पण जुन्या इमारतीचं काम हलकं होऊ लागलं की मॅन्टच्या घुमटांखालच्या खोल्यांत काय येणार, हे त्याआधी ठरलेलं बरं. टाऊन हॉलला सभा गेल्यावर संग्रहालय मिळालं. प्रत्येक वास्तूला ब्रह्मपुरी सापडत नाही.

आणि त्याआधी, एखाद्या स्थापत्य महाविद्यालयातल्या पोरांना टेप आणि लेझर मीटर देऊन सीपीआर, टाऊन हॉल आणि मेन राजारामच्या आवारात महिनाभर सोडावं. खर्च फार नाही. प्रत्येक सज्जा, प्रत्येक चिरा मोजून कागदावर यावा आणि त्या कागदाची एक प्रत शहरात, एक शहराबाहेर राहावी.